घरात दोन वायफाय आहेत? जुनं बंद करू, पण आधी केबल शोधा

(हॉल. टीव्हीच्या वरच्या फळीवर पांढरा डबा, हिरवे दिवे लुकलुकतायत.)

हा पांढरा डबा माझ्या आईबाबांच्या घरचा, साताऱ्याचा. फायबरवाल्याने कनेक्शन देताना बसवून दिलेला. आणि शेजारी हा काळा, चार अँटेना उभारून बसलेला, तो मी दिवाळीत आणून लावला, कारण मागच्या खोलीत बाबांना रेंज मिळत नव्हती. पांढऱ्यातून एक केबल काळ्यात जाते, काळ्यातून नेट घरभर. झकास काम झालं म्हणून मी पुण्याला परत गेले. महिन्याभरात बाबांचा फोन. "अगं, तुझा तो नवीन डबा आणूनसुद्धा व्हिडिओ गोल गोल फिरतोच आहे."

म्हटलं, मोबाईलमध्ये बघा, कुठल्या वायफायला जोडलंय. तर जुन्याच! फोनची खोड अशी असते की एकदा ओळखीचं वायफाय धरलं की ते सहजी सोडत नाही. काड्या एकावर आल्या तरी चालेल, पण पकडलेला हात सुटायचा नाही. नवीन राउटर जुन्याच्या शेजारीच, आणि बाबांचा फोन मात्र जुन्याच डब्याला लोंबकळतोय.

तेव्हा आज मी या पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद करणार आहे. फक्त वायफाय. डबा चालूच राहणार, त्यातलं नेट चालूच राहणार, लँडलाईनचा फोनही वाजत राहणार. कारण या एका डब्यात खरं तर तीन यंत्रं कोंबलेली आहेत. एक, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं. दुसरं, आलेलं नेट घरातल्या वेगवेगळ्या उपकरणांना वाटून देणारं, म्हणजे राउटर. आणि तिसरा, हवेत नेट सोडणारा रेडिओ. आपल्याला फक्त तिसऱ्याचा गळा आवळायचा आहे.

(कॅमेरा दोन्ही डब्यांवर. मध्ये जेमतेम वीतभर अंतर.)

आणि हे दोघं असे खेटून ठेवलेत तेही वाईटच. वायफाय ज्या रेडिओलहरींवर चालतं त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. दोन राउटर एकाच चॅनेलवर आले की त्यांना पाळीपाळीने बोलावं लागतं. एक बोलतोय तोवर दुसरा गप्प. त्यात बिल्डिंग असेल तर वरच्यांचा, खालच्यांचा, शेजारच्यांचा, सगळेच त्या रांगेत. आपल्याच घरातला एक बिनकामाचा डबा त्या रांगेतून कमी झाला तर बरंच ना.

दुसरं एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले, आणि त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. पोलिसांनी माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहत होता एक अमेरिकन माणूस. त्याचा त्या ईमेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, पासवर्ड नव्हता, आणि ते कुणीतरी बाहेरून वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी ईमेल आले, एक माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून, एक चेंबूरच्या एका कंपनीच्या. २००९च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय हुडकायची मोहीमच काढली. आता तुम्ही म्हणाल, आजकालच्या डब्यांना पासवर्ड असतोच. असतो की. आणि बसवणाऱ्या मुलाने तो काय ठेवलेला असतो? तुमचा मोबाईल नंबर. आमच्याकडे तोच होता. गल्लीतल्या किराणावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांकडे असलेला नंबर! नवीन राउटरला आपण जपून पासवर्ड देतो, आणि जुना डबा तसाच, वर्षानुवर्षं, हवेत दार उघडं टाकून बसलेला.

बरं. आता करायला घेऊ. पण आधी ही वस्तू.

(हातात पिवळी लॅन केबल.)

माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ही केबल नव्हती. एकच डबा होता, मुलांची परीक्षा होती, रात्री वायफाय बंद ठेवू म्हटलं. मोबाईलवरून राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं, बटण बंद केलं, सेव्ह दाबलं. पान तिथेच गोठलं. साहजिक आहे, ज्या फांदीवर बसले होते तीच मी तोडली होती. वायफाय बंद, म्हणजे फोन बाहेर, म्हणजे परत चालू करायला आत शिरायचं कसं? माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही. मग सुचली ती अक्कल: सिमकार्डाची पिन घेतली आणि मागच्या बारीक भोकात दहा सेकंद खुपसली. रीसेट. वायफाय आलं, पण नेट गेलं ते गेलंच. कारण त्या डब्यात कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळ्या जोडण्या, सगळं पुसलं गेलं. शनिवारची संध्याकाळ होती. माणूस आला सोमवारी. तेव्हा ती बारीक भोकवाली जागा, जिथे रीसेट लिहिलंय, तिथे बोट, पिन, टाचणी, काहीही घालायचं नाही. मी सोमवारपर्यंत मुलांबरोबर पत्ते खेळले.

तर केबल. एक टोक डब्याला, दुसरं लॅपटॉपला, म्हणजे वायफाय बंद असलं तरी राउटरच्या पानावर जाता येतं. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर उत्तम. नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर मिळतो, तो टाईप-सीचा घेतलात तर बहुतेक अँड्रॉइड फोनलाही चालतो. हो, मोबाईलला केबल लावून नेट! दिसायला विचित्र, पण अडचणीला देव. आणि तुमच्याकडे आमच्यासारखा दुसरा राउटर असेल, आणि दोघांचे पत्ते, म्हणजे पान उघडायला ब्राउझरमध्ये टाकायचे आकडे, वेगळे असतील, तर त्या दुसऱ्याच्या वायफायवरूनही पहिल्याचं पान उघडतं.

इथे थांबून एक गोष्ट नक्की बघा. तुमचा दुसरा डबा पहिल्याला केबलने जोडलेला आहे, की हवेतून? तो नुसता रिपीटर असेल, भिंतीच्या प्लगला लावलेला, तर तो पहिल्याचंच वायफाय पकडून पुढे ढकलत असतो. पहिल्याचं बंद केलंत तर दोघंही मुके. असं असेल तर हा व्हिडिओ इथेच बंद करा आणि आधी केबल ओढून घ्या.

आणि घरात काय काय त्या जुन्या नावावर जोडलेलं आहे तेही आठवून ठेवा. टीव्ही आणि मोबाईल आठवतात. आठवत नाही तो गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा डोंगल, दारावरचा कॅमेरा, प्रिंटर. आमच्याकडे सोलरचा डोंगल निघाला. पॅनल वीज बनवतच राहतात, पण ॲपमध्ये शून्य दिसायला लागतं आणि बाबा घाबरतात.

(डब्याची मागची बाजू, जवळून.)

सोपा रस्ता आधी. काही डब्यांना मागे किंवा बाजूला स्वतंत्र बटण असतं, त्यावर वायफाय किंवा डब्ल्यूलॅन (म्हणजे वायफायच) लिहिलेलं. ते दाबलं, काही ठिकाणी दोनतीन सेकंद दाबून धरलं, की त्याच नावाचा दिवा विझतो. झालं काम. शेजारचं डब्ल्यूपीएस मात्र वेगळं. ते पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्यासाठी असतं. काही मॉडेलांवर दोन्हींना मिळून एकच बटण असतं, टिचकी मारली तर डब्ल्यूपीएस, दाबून धरलं तर वायफाय बंद. जाता जाता, त्या डब्ल्यूपीएसची आठ आकडी पिनची पद्धत २०११ सालीच फुटलेली आहे. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटतात, पण राउटर पहिले चार आणि उरलेले असे वेगवेगळे तपासतो, आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो, म्हणून जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत उलगडते. राउटरच्या पानावर ते दिसलं तर बंदच करून टाका.

बटण नसेल तर पान. डबा उलटा करा, खालच्या स्टिकरवर पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड असतो. फोटो काढून ठेवा, फळीवर चढून दरवेळी डबा उलटा करायला नको. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जिओचा डबा असेल तर १९२.१६८.२९.१. स्क्रीनवर इंग्रजी आकड्यांत देतेय, तसाच ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाईप करा. स्टिकर फाटला असेल तर फोन याच डब्याच्या वायफायला जोडा, मग वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तोच हा पत्ता. ब्राउझर कदाचित ओरडेल की हे पान सुरक्षित नाही. घरातलाच डबा आहे, पुढे जा.

(स्क्रीन रेकॉर्डिंग.)

आत गेलात की वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाचा भाग. त्यात बेसिक. आता नीट वाचा, कारण इथे गंमत आहे. काही डब्यांवर "एनेबल" असं लिहून पुढे टिक असते, ती काढायची. काही डब्यांवर उलटं, तिथे "डिसेबल डब्ल्यूलॅन इंटरफेस" लिहिलेलं असतं आणि चौकोन रिकामा असतो. तिथे टिक लावायची म्हणजे बंद! सवयीने टिक शोधत बसलात तर वाटेल आधीच बंद आहे. मग खाली अप्लाय किंवा सेव्ह. ते दाबल्याशिवाय काहीच होत नाही.

आणि हे दोनदा करायचंय. एकदा २.४ साठी, एकदा ५ गिगाहर्ट्झसाठी. दोन वेगळे रेडिओ आहेत, पानंही बहुधा वेगळी. एकच बंद करून लोक खूश होतात. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू केलं असेल तर तेही बघून घ्या.

नाव लपवणं, म्हणजे हाईड एसएसआयडी, हा मार्ग बरेच जण सुचवतात. माझ्या मते तो निव्वळ देखावा आहे. रेडिओ चालूच असतो, सेकंदाला साधारण दहा वेळा "मी आहे" अशी हाक देतच असतो, फक्त नावाची जागा कोरी ठेवून. गर्दी तेवढीच राहते. वर तुमचा फोन ते लपलेलं नाव बाजारात, एसटी स्टँडवर, जाल तिथे हाका मारत शोधत फिरतो.

(मोबाईलची स्क्रीन.)

झालं का ते बघायला फोनची वायफायची यादी उघडा. जुनं नाव लगेच जाईलच असं नाही, मिनिटभर रेंगाळतं. गेलं की सगळ्या फोनांतून ते नाव विसरायला लावा. बाबांच्या फोनमध्ये हे मीच केलं.

ज्यांना कायमचं नको, रात्रीपुरतंच बंद हवंय, त्यांनी त्याच पानांत शेड्यूल शोधावं, पण त्याआधी राउटरचं घड्याळ तपासावं. वेळ भारताची नसून ग्रिनिचची असेल तर तुम्ही ठरवलेले रात्रीचे ११ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. मुलं तोवर मजेत. आणि सरळ बोर्डाचं बटण बंद केलंत तर नेटबरोबर कॅमेरा आणि लँडलाईनही झोपतात, हे धरून चाला.

विजेच्या बचतीसाठी करत असाल तर फार आशा नको. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय, म्हणजे पूर्ण ताकदीने महिनाभर चालला तरी पावणेनऊ युनिटच्या आत, आणि रेडिओ हा त्यातला एक हिस्सा. लहरींच्या भीतीपोटी करत असाल तर एवढंच सांगते, की घरच्या राउटरच्या रेडिओची शक्ती साधारण वॉटच्या दहाव्या भागाएवढी. तुमची झोप उडवतो तो त्या वायफायवरचा मोबाईल.

एक शेवटचं. फायबरवाल्यांना हे डबे त्यांच्या ऑफिसातूनही हाताळता येतात, त्यामुळे एखाद्या अपडेटनंतर किंवा डबा बदलून दिल्यावर वायफाय गुपचूप पुन्हा चालू झालेलं सापडू शकतं. तक्रारीसाठी आलेला मुलगाही "मॅडम, वायफायच बंद होतं" म्हणत चालू करून जातो. म्हणून मी डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहून ठेवलंय: याचं वायफाय मुद्दाम बंद आहे, चालू करू नये.

(कॅमेरा चिकटपट्टीवर.)

खाली ते जे बारीक अक्षर दिसतंय ते माझं नाही. बाबांनी सही करून तारीख टाकलीय. बँकेत होते ते, तेहतीस वर्षं.