ठोसा म्हणजे ताकद नव्हे

मित्रहो, विषय जाहीर झालाय ‘मिडलवेट विजेत्यांची शारीरिक ताकद’. मिडलवेट म्हणजे बॉक्सिंगमधला मधला वजनगट. त्यातल्या ‘ताकद’ या शब्दावरून मी कित्येक वर्षं भांडत आलोय. कुणाच्या हुकनं, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं, समोरचा आडवा झाला की समालोचक ओरडतो, ‘काय ताकद आहे!’ अहो, तो ठोसा आहे. ठोशात वेळ साधलेली असते, अंतर नेमकं असतं, कंबरेचा पीळ असतो, आणि खाणाऱ्याला तो बऱ्याचदा दिसलेलाच नसतो. ताकद बघायची तर दोघं एकमेकांना बिलगतात तेव्हा बघा. नेमके तेव्हाच आपण कंटाळतो आणि रेफरी कधी सोडवतोय याची वाट बघतो. तुमच्यातले किती जण हे बिलगणं, म्हणजे क्लिंच, लक्ष देऊन बघतात? चार हात वर. छान, त्या चौघांच्या भरवशावर पुढं जातो.

सरावाला माझा एक जोडीदार होता. वजन माझ्याइतकंच, उंचीनं कमी, ठोसा अगदी मऊ. पण आत शिरला की कपाळ माझ्या जबड्याखाली घालायचा, कोपरानं माझा दंड अंगाशी दाबून धरायचा आणि दुसरा हात मानेमागे टाकून सगळा भार सोडायचा. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले. मी रेटलं तर हलायचा नाही. त्यानं रेटलं की माझी पाठ दोरांना. तीन फेऱ्यांत मला एकही सणसणीत ठोसा बसला नव्हता, तरी हात हनुवटीपर्यंत येईनात. रिंगच्या पायऱ्या उतरताना मांड्या लटपटत होत्या. आणि बेंच प्रेसला मी त्याच्यापेक्षा जास्त वजन मारत होतो बरं का! तेव्हापासून मी बॉक्सरचे दंड बघणं सोडलं. मान, कंबर आणि पाय बघतो.

आता माझा लाडका माणूस, जीन फुलमर. अमेरिकेतल्या युटाचा. तांब्याच्या खाणीवर वेल्डिंगचं काम केलेला. शैली बेढब, झेपा टाकत आत घुसणारी. 2 जानेवारी 1957 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो तेव्हाचा मिडलवेट विजेता शुगर रे रॉबिन्सनसमोर उभा राहिला. रॉबिन्सन कोण, हे इथं सांगायला नको. फुलमरनं त्या रात्री त्याला हात मोकळे करायला जागाच दिली नाही. आत घुसायचं, रेटायचं, बिलगूनही मारत राहायचं. पंधरा फेऱ्या. निकाल फुलमरच्या बाजूनं.

चार महिन्यांनी, 1 मे रोजी, शिकागोत पुन्हा गाठ. पाचव्या फेरीत मागं सरता सरता रॉबिन्सननं डावा हुक मारला आणि फुलमर संपला. आजही तो ठोसा बॉक्सिंगमधला सर्वांत निर्दोष ठोसा म्हणून दाखवतात. दाखवावाच! पण लोक तिथंच थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण हेच दोघं 1960 च्या डिसेंबरमध्ये बरोबरीत सुटले आणि 1961 च्या मार्चमध्ये फुलमर पुन्हा जिंकला. रॉबिन्सन तोवर एकोणचाळिशीत होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी चार लढतींत ठोसा आणि ताकद या दोन वेगळ्या चीजा आहेत हे इतकं स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही.

मग फुलमरला भेटला नायजेरियाचा डिक टायगर. उंची जवळपास तेवढीच, छाती पिंपासारखी. 23 ऑक्टोबर 1962, सॅन फ्रान्सिस्को. ज्यानं सगळ्यांना मागं रेटलं तो फुलमर आता स्वतः मागं जात होता. ती लढत मिळाली तर आवाज बंद करून फक्त चार पाय बघा. टायगर पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. फेब्रुवारीत बरोबरी. आणि ऑगस्ट 1963 मध्ये इबादानला, टायगरच्या माणसांसमोर, सातव्या फेरीनंतर फुलमर उठलाच नाही. त्यानंतर तो लढलाही नाही.

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. म्हणजे ‘मिडलवेटच का’ हा मूळ मुद्दा भरभर सांगतो.

मर्यादा 160 पौंड, साधारण साडेबहात्तर किलो. हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत जड गटात, दोघांत वीस-तीस किलोंचा फरक असू शकतो, त्यामुळं ताकद कुठली आणि नुसतं वजन कुठलं हे कळत नाही. खालच्या गटांत वेग बरंच काही झाकतो. मिडलवेटला वजन जवळपास सारखं, आणि माणूस हलवायला पुरेसा जड. मात्र एक गोची आहे. फुलमरच्या काळात वजन लढतीच्या दिवशी व्हायचं. 1980च्या दशकापासून ते आदल्या दिवशी होऊ लागलं. आज काट्यावर 160 भरलेला गडी रिंगमध्ये बराच जड असतो. जुन्या-नव्यांची तुलना करताना हे धरा.

आणखी एकच नाव: बॉब फिट्झसिमन्स. लोहार. 1891 मध्ये मिडलवेट विजेता, 1897 मध्ये अमेरिकेतल्या कार्सन सिटीला तेव्हाचा हेवीवेट विजेता जेम्स कॉर्बेटच्या पोटात ठोसा हाणून हेवीवेट विजेता. पाय काडीसारखे, खांदे घणाचे. पायांबद्दल मी आत्ता जे म्हणालो त्याला हा माणूस छेद देतो, मान्य आहे. मिडलवेटच्याच बर्नार्ड हॉपकिन्सनं 2001 मध्ये फेलिक्स ट्रिनिडॅड या बॉक्सरला बाराव्या फेरीपर्यंत कसं पिळत नेलं ते राहिलंच.

असो. दोघं जण पुढं या, साधारण सारख्या वजनाचे. बूट काढा. तुम्ही कपाळ याच्या जबड्याखाली लावा, आणि तुम्ही, पडायचं नाही.