शिडी आणि चुना

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला एका परदेशी बाईंची गोष्ट सांगणारे, ज्यांनी कलकत्त्याला चुना लावला. हसू नका! खरोखरचा चुना, भिंतीला लावतात तो.

बाईंचं नाव मार्गारेट नोबल, म्हणजे आपल्या भगिनी निवेदिता. जन्म १८६७ चा, आयर्लंडमधल्या डनगॅननचा. वडील धर्मोपदेशक होते, ते लवकर गेले, आणि ही मुलगी सतराव्या वर्षी मास्तरीण झाली, पुढे लंडनजवळ विंबल्डनला स्वतःची शाळा काढली. म्हणजे तिकडे काही जमत नव्हतं म्हणून इकडे आल्या असं नाही हं, चांगलं बसलेलं बस्तान सोडून आल्या. १८९५ मधे लंडनला विवेकानंदांना ऐकलं, आणि २८ जानेवारी १८९८ ला कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरल्या. निवेदिता हे नाव मार्चमधे मिळालं, विवेकानंदांनीच दिलं.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी, बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा निघाली, उद्घाटन रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवींनी केलं. शाळा काढणं एक वेळ सोपं, मुली आणायच्या कुठून? घरोघर जाऊन विनवण्या करायच्या, मुलीला पाठवा हो. आणि मुलगी जरा रुळतेय तोवर घरचे लग्न ठरवून मोकळे. तरी बाईंनी चिकाटीनं चित्रं, मातीकाम, शिवणकाम असं सगळं शिकवलं. आणि स्वतः बंगाली शिकत होत्या बरं का. मला हे फार आवडतं, जो शिकवायला येतो त्यानं आधी समोरच्याची भाषा शिकावी, नाहीतर आमच्या सोसायटीत एक साहेब वीस वर्षं राहतायत आणि अजून भाजीवाल्याशी खुणांनी बोलतात, असो, तो विषय वेगळा.

तर मी येतोय त्या गोष्टीकडे, खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच आज माइकसमोर बसलोय.

१८९९ साल, कलकत्त्यात प्लेग. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं, आजारी पोराला पाठीवर घेऊन जाणाऱ्या सावित्रीबाई आठवतात, त्या त्यातच गेल्या. तसाच प्लेग तिकडे पसरला, आणि रामकृष्ण मिशननं सेवेचं काम काढलं त्यात निवेदिता पुढे. गल्लीतला कचरा उचलायला माणूस मिळेना तेव्हा बाईंनी स्वतः झाडू घेतला. मडमेच्या हातात झाडू बघून गल्लीतली तरुण पोरं ओशाळली आणि तीही झाडू घेऊन आली म्हणतात.

पण मला त्याहून आवडते ती डॉक्टरांनी सांगितलेली हकीकत. डॉक्टर राधागोविंद कर, आज कलकत्त्यात ज्यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे ते. चैत्राचं ऊन, भर दुपार, डॉक्टर रोगी तपासून घरी येतायत, बघतात तर दाराशी धुळकट खुर्चीवर एक युरोपियन बाई बसलेली. निवेदिता. बागबाजारच्या वस्तीत सकाळी डॉक्टरांनी एक प्लेगचं पोर पाहिलेलं, त्याची चौकशी करायला आलेल्या. डॉक्टर म्हणाले, पोराचं काही खरं नाही, आणि तुम्ही जपून राहा. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं ना, की जपून राहा!

संध्याकाळकडे डॉक्टर पुन्हा त्या वस्तीत गेले. ओल धरलेली, मोडकळीला आलेली झोपडी. आत निवेदिता बसल्यात आणि ते पोर मांडीवर. पोराची आई आधीच गेलेली. बाई घरी गेल्याच नाहीत, रात्रंदिवस तिथंच. मग झोपडी निर्जंतुक करायची वेळ आली, तर बाईंनी एक छोटी शिडी घेतली आणि स्वतः भिंतींना चुना लावायला लागल्या. आता चुना लावणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, दिवाळीआधी ज्यांनी घर सारवलंय, रंगवलंय त्यांना माहितीये, बोटं कशी चरचरतात, नखांत बसतो, डोळ्यात उडाला तर विचारू नका. हे सगळं कुठे, तर प्लेगच्या झोपडीत, आणि पोर वाचणार नाही हे पक्कं माहिती असताना. शुश्रूषा जराही कमी झाली नाही असं डॉक्टर सांगतात. दोन दिवसांनी ते पोर बाईंच्या मांडीवरच गेलं. शेवटी शेवटी त्यांनाच धरून मा, मा म्हणत होतं.

मी ही गोष्ट कितीदा सांगितलीये, तरी त्या शिडीपाशी अडकतोच. पोर जाणार हे ठाऊक, तरी भिंत पांढरी करायची.

आणखी एक बारीकशी गोष्ट, तीही डॉक्टरांचीच. बाईंचं जेवण तेव्हा नुसतं दूध आणि फळं, त्यातलं दूधही बंद केलं, का, तर एका रोग्याच्या औषधाला पैसे हवे होते. इकडे आपण पूरग्रस्तांना देतो काय, तर बटणं तुटलेले शर्ट आणि एका पायाचे मोजे! देऊ नका हो असलं, त्यापेक्षा नवं फडकं द्या.

बरं, वेळ संपत आलीये, तर भराभर. शाळेला पैसा पुरेना, म्हणून १८९९ च्या जूनमधे बाई शाळा थांबवून वर्गणी गोळा करायला परदेशी गेल्या, १९०२ मधे परत येऊन पुन्हा सुरू केली. मग ख्रिस्तीन नावाच्या, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या बाई मदतीला आल्या, आणि घरच्या बायकांसाठीही वर्ग निघाले. १९०६ च्या पूर्व बंगालच्या पूर-दुष्काळात निवेदिता पुन्हा गावोगाव, त्यात प्रकृती पार ढासळली. १३ ऑक्टोबर १९११ ला दार्जिलिंगला वारल्या, वय ४३.

शाळा अजून बागबाजारातच भरते, त्यांच्याच नावानं.