ट्रकच्या मागचं मूल

स्क्रीनवर हे जे ठिपक्यांचं जाळं हलतंय ना, ती स्वतःच चालणाऱ्या या गाडीची नजर. छपरावर गरागरा फिरणारा तो डबा म्हणजे लायडार, तो लेसर सोडतो, लेसर कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि असे लाखो ठिपके दर सेकंदाला. आता उजवीकडे बघा. ट्रक उभाय आणि त्याच्या मागे नुसता काळा पट्टा, एकही ठिपका नाही. लायडार कितीही महागाचा लावा, पत्र्याच्या आरपार काही दिसत नाही.

त्याच काळ्या पट्ट्यात एक मूल चालतंय.

समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला ते स्वच्छ दिसतंय. मग तिने हिला सांगावं, एवढंच तर हवंय! पण सगळेच्या सगळे ठिपके पाठवायचे तर रेडिओवर तेवढी जागाच नसते, म्हणून सारांश पाठवतात: इथे माणूस आहे, अमुक दिशेला, अमुक वेगाने. अशा मेसेजचं स्टँडर्ड युरोपात ईटीएसआयने, म्हणजे दूरसंचाराची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये काढलं.

आता हे बघा, मूल एकच पण स्क्रीनवर त्याच्या खुणेचे चौकोन दोन. दोन्ही गाड्यांचा जीपीएस जरासा वेगवेगळं सांगतोय, म्हणून एका मुलाची दोन झाली. वेळेचंही तसंच, ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात दीड मीटरहून जास्त पुढे सरकते, म्हणजे मेसेज एवढासा जरी लेट आला तरी तो शिळाच. त्यामुळे प्रत्येक मेसेजवर वेळेचा शिक्का लागतो, मग हिशोब करून ते दोन चौकोन एकमेकांवर बसवायचे, ही खरी मेहनत आहे आणि ती करणारी माणसं रात्र रात्र याच स्क्रीनसमोर बसलेली असतात.

आणि एवढं करून बोलायचं कुठून? अमेरिकेत १९९९ मध्ये गाड्यांना आपसात बोलायला रेडिओवरचे ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते, वर्षानुवर्षं ते जवळजवळ पडूनच राहिले, शेवटी २०२० मध्ये त्यातले ४५ वायफायकडे गेले, उरले ३०. प्रत्येक कंपनी आपल्या गाडीला दिसलेलं आपल्यापाशीच ठेवणार असेल तर दुसरं काय होणार! रस्ता सगळ्यांचा आहे, मग त्यावर काय दिसलं तेही सगळ्यांचंच असायला हवं.

खोटे मेसेज कसे ओळखायचे, चुकलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न आहेतच.

आता परत तोच ट्रक, फक्त यावेळी दोन्ही गाड्या बोलताहेत. काळ्या पट्ट्यात बघत रहा... तो चौकोन आला. मूल अजून ट्रकच्या मागेच आहे आणि गाडीने ब्रेक लावलाय.