रील उघडून बघा

(मालवण, दांडीचा किनारा. पहाट. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ.)

मतलई वाहतोय. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा वारा ऊन चढेपर्यंत टिकेल, तेवढ्यात खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेवर, पोचायचं आहे. होडी पाण्यात ढकलली की होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांना पहिला प्रश्न ठरलेला.

"काका, पाणी किती?"

"वीस वाव."

दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव, साधारण 6 फूट. म्हणजे आपल्या खाली 36 मीटर पाणी. तळाला खडक, खडकाच्या आडोशाला तांबोशी आणि गोब्रा, वरच्या पाण्यात सुरमई. काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातदोरीने गरवतात. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसं आणि गळ. गळ सोडला तर त्यात गंजण्यासारखं काही नाही. आपण जिगिंगला निघालोय आणि आपल्या हातात एक यंत्र आहे: रील, म्हणजे रॉडवर बसवलेलं, लाइन (गळाची दोरी) गुंडाळायचं यंत्र. खाऱ्या पाण्यात हे यंत्र कशामुळे टिकतं आणि कशामुळे मरतं, ते आज बघू.

(होडीतून. जिग पाण्यात सुटतो, लाइन सरसर जाते.)

जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा. इतक्या पाण्याला 80 ते 150 ग्रॅमचा पुरतो. तळाला टेकला की रॉडचा झटका आणि हँडलचा अर्धा फेरा, पुन्हा झटका, पुन्हा अर्धा फेरा. जखमी मासा धडपडत वर पळावा तसा तो दिसतो. ट्रोलिंगमध्ये आमिष ओढायचं काम होडीचं इंजिन करतं, मासा लागेपर्यंत रील नुसती धरून बसते. जिगिंगमध्ये तिला विसावा नाही. एका खेपेला वीस-पंचवीस झटके धरा, सकाळभरात पन्नास खेपा धरा. मासा लागायच्या आधीच हजारावर धक्के रीलच्या पोटात बसलेले असतात. किनाऱ्यावरून गरवताना वर्षानुवर्षं चाललेली रील जिगिंगच्या एका हंगामात ढिली पडते, ती यामुळे.

माझी पहिली रील अशीच गेली. दुकानात लोण्यासारखी फिरत होती, खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठा होता. दुसऱ्या हंगामात चांगली सुरमई लागली, हँडल फिरवलं आणि आतून खडी दळल्यासारखा आवाज आला. मासा सुटला. घरी येऊन मी ती रील स्क्रू-स्क्रू सोडवून उघडली. आत जे दिसलं, त्यानंतर खोक्यावरचे आकडे वाचून रील घेणं मी सोडलं.

(टेबलावर पांढरं कापड. त्यावर सुटे भाग.)

हे बघा. हे मोठं चाक म्हणजे मेन गियर, हँडलला जोडलेला. हे छोटं, पितळी, पिनियन. हँडल एका दिशेने फिरतं, लाइन गुंडाळणारा रोटर त्याच्या काटकोनात, म्हणून दोघांचे दात असे तिरपे एकमेकांत बसतात. त्यांच्यामधलं अंतर केसभरही बदलायला नको. आणि बॉडी प्लॅस्टिकची असेल तर ओझ्याखाली नेमकं तेच बदलतं. बॉडी किंचित वाकते, दात पूर्ण बसत नाहीत, नुसती टोकं घासत राहतात. माझ्या रीलचा गियर जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला होता. त्याच्या दातांची टोकं झिजून गोल झाली होती.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: बॉडी धातूची आहे का, आणि गियर कशाचा, कसा बनवलेला? ओतीव जस्त स्वस्त पडतं. पितळ जड असतं, पण सावकाश झिजतं. तिसरा प्रकार म्हणजे ॲल्युमिनियम थंड असतानाच प्रचंड दाबाखाली घडवून केलेला गियर. इथे शिमानोची गोष्ट सांगायला हवी. 1921 साली जपानमधल्या साकाई शहरात ही कंपनी सुरू झाली ती सायकलच्या फ्रीव्हीलसाठी. मासेमारीच्या सामानाकडे ती वळली 1970 मध्ये. सायकलच्या भागांसाठी कमावलेली धातू थंड घडवायची विद्याच पुढे तिच्या रीलच्या गियरमध्ये आली. स्टेला एसडब्ल्यू या तिच्या महागड्या रीलमध्ये असाच घडीव गियर असतो. अमेरिकेतली पेन ही 1932 सालची कंपनी. तिच्या स्लॅमर या रीलमध्ये पितळी गियर आणि पूर्ण धातूची बॉडी मिळते, किंमतही स्टेलापेक्षा बरीच खाली. महिन्यातून एकदा खडपावर जाणाऱ्याला माझ्या मते अशी मधल्या किमतीची, धातूची रील उत्तम. वजन थोडं जास्त भरतं, मनगट दुखतं, ते सोसावं.

आणखी खोल पाण्यात, जड जिग टाकायचा असेल तर आडवी रील, म्हणजे ओव्हरहेड, बरी. स्पिनिंग रीलमध्ये, म्हणजे आतापर्यंत बघितली तशा रोटरच्या रीलमध्ये, लाइन छोट्याशा रोलरवरून काटकोनात वळते आणि सगळा ताण त्या वळणावर येतो. आडव्या रीलवर ती सरळ गुंडाळली जाते. पण शिकणाऱ्याने स्पिनिंगच घ्यावी, तिने लांब फेकताही येतं.

(रोलर जवळून. त्यावर पांढरी भुकटी.)

हा तो रोलर. आतली छोटी बेअरिंग सगळ्यात आधी जाते, कारण भिजलेली लाइन दिवसभर हिच्यावरूनच धावते. 1 लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. ही पांढरी भुकटी मात्र नुसतं मीठ नव्हे, कुजलेलं ॲल्युमिनियमही आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, स्क्रू जागीच धरतो, आणि पुढे रील उघडायची म्हटली तर उघडत नाही. म्हणून नव्या रीलचेही बाहेरचे स्क्रू एकदा सोडवून, किंचित ग्रीस लावून परत बसवावेत.

पाणी आत येऊच नये म्हणून कोणी रबरी सील लावतं. दाइवा या जपानी कंपनीची युक्ती वेगळी. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असलेलं तेल चुंबकाने फटीत धरून ठेवायचं, म्हणजे सील असूनही घर्षण नाही. असं चुंबकी तेल 1963 मध्ये नासात तयार झालं होतं, रॉकेटच्या इंधनासाठी. कल्पना सुंदर आहे. पण ती रील घरी उघडली तर ते तेल सांडतं आणि काम सर्व्हिस सेंटरवरच जातं. तुमच्या गावाहून ते किती लांब आहे, हे रील निवडताना बघायलाच हवं. सुटे भाग मिळतात का, दुरुस्त करणारा माणूस जवळ आहे का, याचं उत्तर 'नाही' आलं तर मी कितीही चांगली रील परत ठेवीन.

(दुकानात. हातात रील.)

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. बारा साध्या बेअरिंग म्हणजे गंजायच्या बारा जागा. हँडल कसं बसतं ते बघा. सरळ गियरमध्ये आटे पाडून घट्ट होणारं हँडल डुगडुगत नाही. रोटर बोटांनी धरून हँडलवर पुढे-मागे दाब द्या, मोकळी हालचाल जाणवते का बघा. रिकामी रील फिरवून यातलं काहीच कळत नाही.

मग ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन तुटायच्या आत ती सोडत राहणारा, चकत्यांचा ब्रेक. खोक्यावर 20 किलो लिहिलेलं असतं. डोलणाऱ्या होडीत उभं राहून 10 किलोचा ताणही फार वेळ धरवत नाही. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर लावतात. लाइन 15 किलोला तुटत असेल तर ड्रॅग 4 किलोच्या आत. हे तपासायला तराजूही लागत नाही. पिशवीत पाण्याच्या एकेक लिटरच्या 4 बाटल्या भरा, लाइनला बांधा, रॉडने उचला. पिशवी हळूहळू, एका लयीत खाली सरकायला हवी. आधी अडकून मग धपकन सुटली, तर त्याच धक्क्याला समुद्रात लाइन तुटेल. कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग इथे फेल्टपेक्षा भरवशाचा, कारण लांब धावेत तो तापला तरी पकड बदलत नाही.

(संध्याकाळ. मागील दार, नळ.)

होडी परत आली. रीलचं खरं आयुष्य आता ठरतं. आधी ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जात नाही. मग गोड्या पाण्याची बारीक धार, वरून. नळाचा जोराचा फवारा नको आणि बादलीत बुडवणं तर नकोच, त्याने बाहेरचं मीठच आत ढकललं जातं. पुसायची, सावलीत वाळवायची, मग ड्रॅग सैल सोडायचा. रोलरला तेलाचा एक थेंब. ग्रीस गियरला, तेल बेअरिंगला. अँटी-रिव्हर्स क्लचला मात्र ग्रीस चुकूनही नाही. त्याचे रोळ घसरले तर ऐन झटक्याला हँडल उलटं फिरतं आणि बोटं फुटतात.

(पाऊस. शाकारलेल्या होड्या, बंद कपाट.)

कोकणात रील समुद्रावर कमी आणि कपाटात जास्त मरतात. जूनमध्ये पावसाळी बंदी लागते, होड्या शाकारल्या जातात, रील कपाटात जाते. हवेतली ओल आतलं मीठ ओढून घेतं आणि सगळा पावसाळा ती बॅटरी चालू राहते. म्हणून मे महिन्यातच रील उघडून, साफ करून, नवं ग्रीस भरून ठेवायची. रबरी मूठ बुरशी धरते, तिच्यावर कापड फिरवायचं. आषाढात दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून हँडलचे चार फेरे द्यायचे.

नारळी पौर्णिमा झाली की काका निरोप धाडतात. तेव्हा रीलला कान लावून हँडल फिरवतो. आवाज नाही. मग जिगचं खोकं उघडतो आणि पहाटेचा गजर लावतो.