चेतापेशीचा स्वभाव

पडद्यावर उभ्या रेघा दिसताहेत ना, ते एका चेतापेशीचे स्पाइक आहेत, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणभराच्या उसळ्या. काचेच्या नळीच्या केसाहून बारीक टोकातून पेशीत स्थिर विद्युतप्रवाह सोडलाय आणि ती ठरावीक अंतराने स्पाइक देतेय. आता दुसरी बघा. प्रवाह तेवढाच, पण ही लागोपाठ दोन-तीन स्पाइक देते, थांबते, पुन्हा तेच. तिसरी सेकंदाला शंभराच्या वर जाते, आणि तिचा वेग ढळत नाही.

हा फरक पेशीच्या आतलाच. सोडियम आत शिरलं की व्होल्टेज उसळतं, पोटॅशियम बाहेर पडलं की उतरतं. हे गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये मांडलं. तिसऱ्या पेशीचे पोटॅशियम चॅनल, म्हणजे पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं, फार चपळ, म्हणून ती लगेच पुढच्या स्पाइकला तयार होते.

पण चॅनल सारखेच ठेवले तर? 1996 मध्ये मेनेन आणि सेनोव्स्की या संशोधकांनी संगणकावर नेमकं हेच केलं. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, वेगवेगळ्या आकारांच्या पेशी घेतल्या आणि सगळ्यांत त्याच चॅनलांची तीच मांडणी ठेवली. बदलत होता तो फक्त डेंड्राइटचा, म्हणजे पेशीच्या फांद्यांचा, पसारा. आखूड फांद्यांच्या पेशीने सुटे स्पाइक दिले, तर उंच पिरॅमिडल (शंकूसारख्या) पेशीने स्पाइकचे झुबके. मला हा प्रयोग विलक्षण वाटतो: नुसत्या आकाराने पेशीचं वागणं बदललं!

कारण असं. स्पाइक उमटला की प्रवाह डेंड्राइटमध्येही पसरतो. पेशीचा मुख्य भाग झटकन शांत होतो, लांबलचक डेंड्राइटमधलं व्होल्टेज मात्र अजून चढलेलंच असतं. तिथला प्रवाह मागे फिरतो आणि मुख्य भागाला पुन्हा उचलतो. दुसरा स्पाइक. कधी तिसराही.

खऱ्या पेशींत डेंड्राइट याहून कर्ते निघाले. उंदरांच्या मेंदूच्या कापांमध्ये एकाच पेशीवर दोन इलेक्ट्रोड लावून स्टुअर्ट आणि साकमान यांनी 1994 मध्ये दाखवलं, की स्पाइक उलटा डेंड्राइटमध्येही चढत जातो. पुढे 1999 मध्ये लार्कम आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. असा स्पाइक वर चढत असताना, काही मिलिसेकंदांच्या आत, डेंड्राइटच्या दूरच्या टोकाशीही संदेश आला, तर तिथे कॅल्शियमचा मोठा स्पाइक पेटतो आणि खाली एकाऐवजी दोन-तीन स्पाइक उमटतात. टोकाचा तोच संदेश एकटा आला असता, तर खाली पोचेपर्यंत जेमतेम जाणवला असता.