चार बापांचा आकडा

(दृश्य: ओहोटीचा किनारा, मागे अणुप्रकल्पाची धुराडी)

इंग्लंडचा वायव्य किनारा. आयरिश समुद्राकाठी सीस्केल हे छोटंसं गाव, तीनेक किलोमीटरवर सेलाफिल्डचा अणुप्रकल्प. 1983 साली टीव्हीवरच्या एका माहितीपटाने विचारलं: एवढ्याशा गावात इतक्या मुलांना रक्ताचा कर्करोग कसा? सरकारी चौकशी झाली. रुग्ण जास्त आहेत हे खरं निघालं, कारण मात्र हाती लागेना.

साउदम्प्टन विद्यापीठाचे संशोधक मार्टिन गार्डनर यांनी मग मुलांऐवजी बापांकडे बघितलं. पद्धत केस-कंट्रोलची. आजारी मूल घ्यायचं, त्याच सुमारास जन्मलेली निरोगी मुलं जोडीला घ्यायची आणि त्यांच्या बापांनी कामावर काय झेललं, विशेषतः किरणोत्साराचा किती डोस, ते ताडून बघायचं.

अशा अभ्यासांना आठवण दगा देते. आजारी मुलाची आई रात्र रात्र जागून आठवत बसते, ‘ह्यांच्या कपड्यांना कसला वास यायचा?’ दुसरीला ते आठवायचं कारणच नसतं.

(दृश्य: कामगाराच्या छातीवरचा बिल्ला, जवळून)

डोसापुरता तरी इथे तो घोळ नव्हता. या बिल्ल्यात फिल्मचा तुकडा असतो. किरणं लागली की तो काळवंडतो; किती काळवंडला, त्यावरून डोस काढतात. कामगाराला काही आठवावं लागत नाही.

1990 साली निकाल छापून आला. मूल राहण्याआधी एकूण 100 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त डोस घेतलेल्या बापांच्या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका सहापटींहून अधिक! खळबळ उडणारच. पण त्या रकान्यात आजारी मुलं होती अवघी चार. त्यामुळे खरा धोका दीडपट असू शकत होता, नाहीतर पंचवीसपट. एवढ्या ऐसपैस मापात काय बसणार नाही?

दोन कुटुंबं प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. 1993 मध्ये दावे फेटाळले गेले. गार्डनर त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारले होते.

मला सर्वांत बोचणारा आक्षेप साध्या बेरजेचा वाटतो. सेलाफिल्डच्या कामगारांची बहुतेक मुलं सीस्केलबाहेर जन्मली. बापांच्या एकूण डोसाचा दहावा हिस्साही सीस्केलच्या वाट्याला नव्हता. दोष बापाच्या डोसाचा असता, तर आसपासच्या गावांतही त्याच प्रमाणात रुग्ण निघायला हवे होते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांतही ही वाढ दिसली नव्हती.

रोग कुठे, कुणाला, का होतात याचा अभ्यास करणारे लिओ किनलेन वेगळंच म्हणत होते. आडबाजूच्या गावात प्रकल्पासाठी दूरदूरची माणसं येऊन राहिली. त्यांच्यासोबत आलेला एखादा साधा संसर्ग यामागे असेल. असा संसर्ग टिपणारी फिल्म मात्र कुणाच्याच छातीवर नव्हती.