चीक न पाजलेली पिल्लं

(दृश्य : शस्त्रक्रियेचं टेबल, शेजारी जंतुनाशकाची टाकी)

डुकरीण साधारण ११४ व्या दिवशी विते. विषाणूंच्या प्रयोगांसाठी जंतुविरहित पिल्लं हवीत, म्हणून इथे एक-दोन दिवस आधीच तिचं सिझेरियन होतं. अख्खं गर्भाशय जंतुनाशकात बुडवून टाकीपलीकडच्या निर्जंतुक कक्षात घेतात. रक्तपुरवठा तुटलेला, त्यामुळे सगळी घाई. नाळ बांधायची, नाकातोंडातला चिकटा पुसायचा, टॉवेलनं खसाखसा चोळायचं. पिल्लू किंचाळलं, की पुढचं हातात.

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाच्या बाळाला आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी वारेतूनच मिळते. डुकराची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात ती चिकातून. चीकच पाजला नाही, तर आईकडून आलेलं संरक्षण जवळजवळ शून्य. अशा पिल्लाला एकच विषाणू दिला आणि जुलाब सुरू झाले, तर दुसऱ्या कुणावर संशय घ्यायला जागा उरत नाही.

(दृश्य : आयसोलेटर, म्हणजे पिल्लांची बंदिस्त निर्जंतुक पेटी; तिच्या भिंतीला जोडलेले लांब रबरी हातमोजे)

पिल्लाचं हे कोरेपण टिकवणं हेच खरं कसबाचं काम. आमच्या मते ते सूक्ष्मदर्शकापाशी नाही, या हातमोज्यांत चालतं. आतली हवा गाळलेली, दूध निर्जंतुक, भांडीही निर्जंतुक. नवजात पिल्लाच्या अंगात चरबी नावालाच, म्हणून सुरुवातीला आत ३४ अंशांच्या आसपास ऊब लागते. आई नाही म्हणजे सडही नाहीत. पिल्लाचं नाक अलगद भांड्यातल्या दुधात टेकवायचं. ते फुरफुरतं, शिंकतं, मान झटकतं आणि मग कधीतरी जीभ बाहेर काढतं. दात मात्र जन्मतःच टोकदार, आणि हातमोज्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी धोका. विष्ठेच्या तपासणीत एखादा अनाहूत जंतू सापडला, की त्या पेटीतली सगळी मेहनत पाण्यात.

लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी शोधला. पण तो प्रयोगशाळेतल्या पेशींत काही केल्या नीट वाढेना. प्रौढ उंदरांचाही उपयोग नव्हता. लागण झाली तरी त्यांना जुलाब होत नाहीत. शेवटी ‘डब्ल्यूए’ हा त्याचा वाण अशा पिल्लांमधून एकामागून एक ११ वेळा नेला, तेव्हा कुठे तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढू लागला. हे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात लिंडा सैफ यांच्या गटानं अशाच पिल्लांवर रोटाव्हायरसच्या लसी पारखल्या, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरसही अभ्यासला.

(दृश्य : पेटीत दाटीनं उभी असलेली मोठी पिल्लं)

या पद्धतीत उणिवा आहेतच. जंतूंविना वाढलेलं आतडं पातळ राहतं, प्रतिकारशक्ती अर्धीकच्ची. म्हणून काही प्रयोगांत पिल्लांना मानवी बाळांच्या आतड्यातले जिवाणू मुद्दाम देतात. शिवाय डुकराची वाढ झपाट्याची. काही आठवड्यांत पेटी अपुरी पडते. तोवर प्रयोग संपवावा लागतो. संपवणं म्हणजे भूल देऊन पिल्लाला मारणं आणि आतड्याचे नमुने काढणं. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही.

२०१६ मध्ये मानवी नोरोव्हायरस माणसाच्या आतड्याच्या मूलपेशींपासून तयार केलेल्या सूक्ष्म ऊतींत वाढवता आला. त्यामुळे काही प्रश्नांसाठी आता पिल्लांची गरज उरलेली नाही. लस दिल्यावर जुलाब थांबतात का, हे मात्र थाळीतल्या पेशी सांगू शकत नाहीत.